निजामशाही (अहमदनगर)

निजामशाही : दक्षिण भारतातील एक मुसलमानी राजवंश व त्याचे राज्य. बहमनी राज्याच्या विघटनातून जी पाच राज्ये उदयास आली, त्यांपैकी हे एक होय. इतर चार म्हणजे वऱ्हाडची इमादशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही व बीदरची बरीदशाही. निजामशाहीचा काल १४९० ते १६३६ असा सु. दीडशे वर्षांचा असून अहमदनगर (विद्यमान अहिल्यानगर) ही तिची मुख्य राजधानी होती. पुढे परांडा, जुन्नर व दौलताबाद येथूनही तिचा कारभार चालला. उत्तर कोकणाचा काही भाग, पुणे व नासिकचा प्रदेश, अहमदनगर आणि मराठवाड्याचा पश्चिम भाग एवढा मुलूख सामान्यतः तिच्या अंमलाखाली होता. वऱ्हाड काही काळ तीत समाविष्ट झाले होते.

मराठवाड्यात ‘निजामशाही’ या शब्दाने पुष्कळदा हैदराबादच्या निजामांची राजवट सूचित होते. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्यामुळे हे स्वाभाविकच आहे. परंतु हैदराबादचे आसफजाही घराणे १७२४ मध्ये सत्तेवर आले आणि अहमदनगरच्या निजामशाहीशी त्याचा वांशिक संबंध नाही. ‘निजाम-उल्-मुल्क’ हा किताब दोन्ही घराण्यांच्या मूळ पुरुषांना मिळाला होता, एवढेच दोहोंमधील साम्य होय. बीडचा मुलूख या दोन्ही सत्तांखाली नांदला. त्यांपैकी पहिली सत्ता याच भूमीत जन्मली आणि तिच्या अखेरच्या लढायांपैकी काही याच भूमीवर झाल्या.

मूळ पुरुष : राजवंशाचा मूळ पुरुष मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण होता. फिरिश्ता या इतिहासकाराच्या मते त्याचे पूर्वज गोदावरीच्या खोऱ्यातील पाथरी (परभणी जिल्हा) येथील कुलकर्णी असून ते विजयानगरच्या राज्यात आश्रयास गेले होते. अहमदशाह वली बहमनीच्या विजयानगरवरील स्वारीत हा मुलगा कैद झाला व मुसलमान करण्यात येऊन राजवाड्यात वाढला. ‘बहिरी’ हे त्याचे उपपद ‘बहिरव’ म्हणजे भैरव या पित्याच्या नावावरून आले, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. फार्सी व मराठी जाणणारा हा सरदार तेलंगणचा सुभेदार झाला आणि त्यास निजाम-उल्-मुल्क हा किताब मिळाला.

बहमनी दरबारात त्या वेळी दक्षिणी व परदेशी असे दोन तट पडले होते. पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेत राहिलेले व धर्मांतरित मुसलमान आणि त्यांच्या बाजूचे हबशी हे दक्षिणी पक्षात मोडत; इराण, तुर्कस्तान, अरबस्तान इ. देशांतून नव्याने आलेल्यांना आफाकी वा परदेशी म्हणत. मुख्य वजीर महमूद गावान याने चार मोठ्या तरफांचे आठ विभाग करून सुभेदारांची सत्ता कमी केली. त्यामुळे दुखावलेल्या दक्षिणी सरदारांनी बनावट पत्राच्या आधारे त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप आणला व १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. या कारस्थानात मलिक हसन प्रमुख होता. गावाननंतर मुख्य प्रधानपद त्यालाच मिळाले व त्याच्या जहागिरीस बीड व इतर परगणे जोडण्यात आले. त्यांची व्यवस्था त्याने आपला मुलगा मलिक अहमद याच्याकडे सोपविली. मलिक अहमद जुन्नर येथे राहून ती पाहू लागला. १४८६ मध्ये बीदर येथे मलिक हसनचाही खून झाला.

उदय : पित्याच्या खुनानंतर मलिक अहमद याने बहमनी सुलतानाची आज्ञा मानण्याचे सोडून दिले. शिवनेरी व आसपासचे डोंगरी किल्ले त्याने यापूर्वीच हस्तगत केले होते. त्याच्यावर आलेल्या बहमनी फौजेचा त्याने २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ पराभव केला. तीत सेनापती जहांगीरखान मारला गेला. विजयस्थळी त्याने बाग तयार केली, म्हणून या लढाईस ‘बागेची लढाई’ म्हणतात. स्वतंत्र निजामशाहीचा प्रारंभ या घटनेपासून मानला जातो. त्याच ठिकाणी सीना नदीच्या काठी १४९४ मध्ये त्याने अहमदनगर शहराची स्थापना केली.

या स्थळाची निवड विचारपूर्वक झाली होती. जुन्नर व दौलताबाद यांच्या साधारण मध्यावर हे ठिकाण असल्याने तेथून दरवर्षी पिके तयार होण्याच्या सुमारास दौलताबादच्या मुलखावर फौज पाठविणे सोपे जाई. उभ्या भिंतींवर हल्ला करण्याऐवजी किल्ल्याची रसद तोडण्याचे हे धोरण काही वर्षांनी फळास आले आणि १४९९ मध्ये दौलताबाद त्याच्या हाती पडले. पुढे याच शेत-शिवारांच्या नासाडीचा उपयोग मोगलांनी आणि मोगलांविरुद्ध निजामशाहीनेही केला. प्रत्येक वेळी तिची झळ रयतेला लागली.

विस्तार : अहमदनंतर (मृ. सु. १५१०) त्याचा अल्पवयी मुलगा पहिला बुऱ्हाण (कार. सु. १५१०–५३) गादीवर आला. मुकम्मलखान दक्षिणी याने प्रारंभी राज्य सांभाळले. घराण्याचे मूळ गाव पाथरी हे इमादशाहीत होते. ते आपल्याकडे असावे या इच्छेने बुऱ्हाणने वऱ्हाडशी युद्धे केली व पाथरी जिंकून घेतले. तेथील आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना त्याने तो मुलूख इनाम दिला, असे फिरिश्ता नमूद करतो. धर्म बदलला तरी वतनाची व गावाची ओढ तिसऱ्या पिढीपर्यंत टिकून होती, हे यावरून दिसते. कंवरसेन नावाच्या ब्राह्मणास बुऱ्हाणने मंत्रिपद दिले होते. शाह ताहिर या इराणी विद्वानाच्या प्रभावाने त्याने १५३७ च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला.

विजापूरशी वैराचे मूळ सोलापूरच्या मुलखात होते. १५२४ मध्ये बुऱ्हाणचा विवाह आदिलशाही राजकन्या बीबी मरियम हिच्याशी झाला. त्या वेळी सोलापूर व त्याखालील साडेपाच परगणे हुंड्यादाखल देण्याचे ठरले होते, पण ते दिले गेले नाहीत. या एका कारणावरून दोन्ही राज्ये पुढील चार दशके वारंवार लढली आणि दोघांनीही आलटून पालटून विजयानगरची मदत मागितली. पहिला हुसेन (कार. १५५३–६५) याच्या काळी विजयानगरचा रामराय, आदिलशाह व कुतुबशाह यांच्या संयुक्त फौजा अहमदनगरपर्यंत येऊन भिडल्या व हुसेनला मानहानिकारक अटी पतकराव्या लागल्या. शेवटी रामरायाच्या वाढत्या वर्चस्वाने सुलतानांना एकत्र आणले. हुसेनची कन्या चांदबीबी ही अली आदिलशाहास देण्यात आली व सोलापूर तिच्याबरोबर विजापूरला गेले. अलीच्या बहिणीचा विवाह हुसेनचा मुलगा मुर्तझा याच्याशी झाला. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या (राक्षसतागडीच्या) लढाईत रामराय मारला गेला. या विजयात हुसेनच्या तोफखान्याचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी हुसेन मरण पावला.

समान शत्रू नाहीसा होताच मित्रांत पुन्हा वितुष्ट आले. त्याची खूण बीड जिल्ह्यात आजही उभी आहे. १५६७ मध्ये आदिलशाही सरदार किश्वरखान याने बालाघाटच्या डोंगरकडेवर धारूरचा किल्ला बांधला. येथून बीडकडे उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवता येत असे. निजामशाहीच्या दृष्टीने हे आपल्या दारात शत्रूने ठाणे घालण्यासारखेच होते. पहिला मुर्तझा (कार. १५६५–८८) याने लवकरच किल्ल्यास वेढा दिला, किश्वरखान लढाईत पडला व धारूर निजामशाहीत आले. पुढील कागदपत्रांत त्याचे फतेहाबाद असे नाव आढळते. केज, युसूफ वडगाव, अंबाजोगाई हा मांजरा खोऱ्याचा भाग अशा रीतीने निजामशाही, आदिलशाही व बरीदशाही यांच्या सरहद्दीचा प्रदेश होता. सरहद्दीवरील गावांना प्रत्येक युद्धात फौजांची ये-जा सोसावी लागे. देशमुख, देशपांडे, पाटील व कुलकर्णी हे वतनदार मात्र राजवट बदलली तरी बहुधा आपापल्या जागी कायम राहत. वसूल त्यांच्यावाचून होत नसे.

१५७४ मध्ये मुर्तझाने इमादशाही बुडवून वऱ्हाड आपल्या राज्यास जोडले. निजामशाहीच्या विस्ताराची ही परिसीमा होय. त्यानंतर तिचा क्षेत्रविस्तार झाला नाही.

अंतःकलह व मोगल आक्रमण : मुर्तझा उत्तरायुष्यात विक्षिप्त बनून एकांतात राहू लागला, ‘दिवाना’ असे त्यास म्हणत. सत्ता प्रधानांच्या हाती गेली. १५८८ मध्ये मिरान हुसेन या त्याच्या मुलानेच त्याचा वध करविला. पुढच्याच वर्षी मिरान हुसेनचाही खून झाला आणि अहमदनगरात परदेशी पक्षाच्या लोकांची सरसकट कत्तल झाली. फिरिश्ताने याच सुमारास अहमदनगर सोडून विजापूरचा आश्रय घेतला. मुर्तझाच्या वधापासून १६०० पर्यंतच्या बारा वर्षांत मिरान हुसेन, इस्माईल, दुसरा बुऱ्हाण, इब्राहीम, अहमद व बहादूर अशा सहा जणांस गादीवर बसविण्यात आले. त्यांतील दुसरा बुऱ्हाण (कार. १५९१–९५) हा अकबराच्या आश्रयास राहिलेला होता. तो गादीवर येताच अकबराचे स्वामित्व मानील ही मोगलांची अपेक्षा मात्र फोल ठरली.

१५९५ मध्ये इब्राहीम लढाईत मारला गेल्यावर मियान मंजू या सरदाराने राजवंशाशी संबंध संशयास्पद असलेल्या अहमद नावाच्या मुलास पुढे केले आणि प्रतिपक्षाला शह देण्यासाठी गुजरातेत असलेल्या मुराद या मोगल राजपुत्रास मदतीला बोलाविले. घरच्या भांडणासाठी परक्याला बोलावण्याची ही चूक निजामशाहीला फार महाग पडली. मुराद व खानखानान यांनी डिसेंबर १५९५ मध्ये अहमदनगरलाच वेढा दिला. विजापुराहून माहेरी परतलेल्या चांदबीबीने किल्ल्याचा बचाव हाती घेतला. सुरुंगाने तट पडला असता तिने स्वतः उभे राहून रातोरात तो बांधून काढला. १५९६ च्या प्रारंभी तह होऊन वऱ्हाड मोगलांकडे गेले व बहादूरला निजामशाह म्हणून मान्यता मिळाली. शांतता मात्र टिकली नाही. १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळ दक्षिणेच्या एकत्रित फौजांचा मोगलांनी पराभव केला. १६०० मध्ये राजपुत्र दानियालने पुन्हा अहमदनगर वेढले. बचाव अशक्य जाणून चांदबीबीने तहाची बोलणी आरंभताच फितुरीचा आळ घेऊन तिच्याच लोकांनी तिला ठार मारले. ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला पडला व बहादूर ग्वाल्हेरच्या तुरुंगात गेला.

मलिक अंबर : राजधानी पडली, तरी राज्य संपले नाही. याचे श्रेय मलिक अंबरकडे (सु. १५४८–१६२६) जाते. हबसाणातून गुलाम म्हणून आणलेल्या या पुरुषास मुर्तझाचा प्रधान चंगीझखान याने विकत घेतले होते. अंबरने राजघराण्यातील एका मुलास दुसरा मुर्तझा म्हणून परांडा येथे गादीवर बसविले, प्रतिस्पर्धी राजू दक्षिणी यास १६०७ च्या सुमारास दूर केले आणि १६१० मध्ये खडकी (विद्यमान छत्रपती संभाजीनगर) हे शहर वसविले. तेथे त्याने भूमिगत नळांनी पाणी आणले. मोगलांच्या मोठ्या व संथ फौजेशी समोरासमोर लढण्याचे टाळून रसद तोडणे, छापे घालणे, डोंगराळ मुलखात ओढून नेणे या गनिमी काव्याचा त्याने पद्धतशीर वापर केला. हे काम हलक्या मराठा घोडदळावाचून होणारे नव्हते. भोसले, जाधव इ. घराणी त्याच्या काळी प्रबळ झाली. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त सैन्याचा मोड केला; या लढाईत शहाजी भोसले यांनी पराक्रम गाजविला व त्यांचे बंधू शरीफजी मारले गेले.

अंबरच्या महसूलव्यवस्थेचे नाव महाराष्ट्रात दीर्घकाळ राहिले. त्याने वसुलाचा मक्ता देण्याची पद्धत बंद केली, जमिनीची मोजणी व प्रतवारी करविली आणि गावचा वसूल पाटील-कुलकर्ण्यांमार्फत घेण्याची व्यवस्था लावली. उत्पन्नाच्या सु. दोन-पंचमांश हिस्सा धान्यरूपाने घेऊन पुढे त्याऐवजी सु. एक-तृतीयांश रोकड ठरविण्यात आली, अशी माहिती मिळते. सतत युद्धात असलेल्या राज्याला पैसा हवा होता. पण रयत पळून गेली, तर पैसाही येत नाही, हे ओळखणारी ही व्यवस्था होती.

अंबरच्या कर्तबगारीची एक मर्यादाही होती. १६१० मध्ये त्याने आपणच गादीवर बसविलेल्या मुर्तझाला दूर करून मारविले व तिसरा बुऱ्हाण यास बसविले. राज्य वाचविताना राजपद मात्र नाममात्र ठरले. ते वजिराच्या व्यक्तिमत्त्वावर उभे राहिले. १६२६ मध्ये अंबर मरण पावला आणि तो आधार सुटला. खुल्दाबाद येथे त्याची कबर आहे.

अस्त : अंबरनंतर त्याचा मुलगा फत्तेखान आणि दरबारातील इतर पक्ष यांत सत्तेसाठी ओढाताण सुरू झाली. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात तिसऱ्या बुऱ्हाणच्या सांगण्यावरून लखुजी जाधव व त्यांच्या मुलांचा भर दरबारात वध झाला. लखुजींचे जावई शहाजी यांनी निजामशाही सोडून काही काळ मोगलांची चाकरी धरली. ज्या मराठा सरदारांच्या बळावर राज्य उभे होते, त्यांचाच विश्वास या घटनेने उडाला.

त्याच सुमारास शाहजहानविरुद्ध बंड केलेला खानजहान लोदी दक्षिणेत निजामशाहीच्या आश्रयास आला. त्याचा पाठलाग हे शाहजहानला आक्रमणाचे निमित्त झाले. १६३०-३१ च्या मोहिमेत मोगल सेनापती आजमखान याने बीडनजीक खानजहानचा पराभव केला आणि पुढे धारूरचा किल्ला घेतला. परांड्याचा वेढा मात्र चारा व धान्य यांच्या अभावी त्यास उठवावा लागला. कारण १६३० ते १६३२ या काळात दख्खन व गुजरातेत भीषण दुष्काळ पडला होता. पाऊस गेला, फौजांनी उरलेसुरले धान्य व वैरण नेली आणि गावे ओस पडली. निजामशाहीचा पाया जो गावचा वसूल, तोच या वर्षांत नाहीसा झाला. इतिहासग्रंथांत या काळातील वेढे तपशीलवार आढळतात. परंतु राज्याच्या अस्तात या दुष्काळाचा वाटा वेढ्यांहून कमी नव्हता.

१६३१ मध्ये फत्तेखानाने तिसऱ्या बुऱ्हाणचा खून करून तिसरा हुसेन या बालकास गादीवर बसविले व शाहजहानच्या नावाने खुत्बा वाचविला. १६३३ च्या जूनमध्ये दौलताबाद मोगल सेनापती महाबतखानाच्या स्वाधीन झाले. हुसेनची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. मोगलांपासून फारकत घेतलेल्या शहाजींनी त्याच वर्षी पेमगिरी (संगमनेर तालुका) येथे राजवंशातील एका मुलास मुर्तझा म्हणून गादीवर बसविले आणि जुन्नर, पुणे व उत्तर कोकण भागात सु. तीन वर्षे त्याच्या नावाने कारभार केला. मे १६३६ मध्ये शाहजहान व आदिलशाह यांनी तह करून निजामशाहीचा मुलूख वाटून घेतला. परांडा, सोलापूर व भीमेपलीकडील भाग विजापूरकडे, तर बीड-धारूरसह उत्तरेकडील भाग मोगलांकडे गेला. माहुली (ठाणे जिल्हा) येथे वेढले गेलेल्या शहाजींनी बाल निजामशाहास मोगलांच्या स्वाधीन केले व स्वतः आदिलशाही चाकरी पतकरली. येथे निजामशाहीचा शेवट झाला.

कला व वाङ्मय : अहमदनगरचा भुईकोट किल्ला, दमडी मशीद, बागरौझा, १५८३ मध्ये पूर्ण झालेला फराहबाग आणि चांदबीबीचा महाल या नावाने ओळखली जाणारी, पण वस्तुतः सलाबतखान या वजिराची असलेली कबर हे या काळातील प्रमुख अवशेष होत. बुऱ्हाणच्या काळी १५४९ मध्ये मुहम्मद रूमी या कारागिराने अहमदनगर येथे ओतलेली ‘मलिक-इ-मैदान’ तोफ पुढे परांड्यास व तेथून विजापुरास नेण्यात आली. ती आजही तेथे आहे. हुसेनच्या स्तुतिपर आफताबीने रचलेल्या तारीफ-इ-हुसेनशाही या सचित्र फार्सी काव्याचे हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. सय्यद अली तबातबा याचा बुऱ्हान-इ-मआसिर हा या घराण्याचा महत्त्वाचा इतिहास होय. मराठी संतवाङ्मयाच्या दृष्टीनेही हा काळ समृद्ध होता. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे परंपरेनुसार दौलताबाद किल्ल्याचे अधिकारी होते. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे याच मुलखातील संतकवी होत.

मूल्यमापन : निजामशाही केवळ मोगलांच्या बळाने बुडाली, असे म्हणता येत नाही. १६०० मध्ये राजधानी व राजा दोन्ही गेले असताही ती छत्तीस वर्षे टिकली. कारण स्थानिक घोडदळ, डोंगरी किल्ले आणि गावचा वसूल ही तिची तीन अंगे शाबूत होती. कुलकर्ण्याच्या घरात जन्मलेल्या पुरुषाचा वंश राजपदास पोहोचला आणि एक हबशी गुलाम राज्याचा सूत्रधार झाला. इतका मोकळेपणा तिच्या रचनेत होता व तेच तिचे सामर्थ्य होते. परंतु वारसाचा निर्णय गादीमागच्या सरदारांनी खंजिराने करावा, हा प्रघात एकदा पडल्यावर तो मोडणारे कोणी निघाले नाही. महमूद गावानच्या शिरच्छेदाने ज्या घराण्याचा मार्ग मोकळा झाला, त्याच घराण्याच्या दरबारात लखुजी जाधवांचा वध झाला, आणि दोन्ही वेळी राज्याने आपला सर्वांत उपयोगी माणूस स्वतःच्या हाताने गमावला. राजवंश नाहीसा झाला, तरी त्याने वापरलेली साधने महाराष्ट्रातच राहिली. मलिक अहमदने ज्या शिवनेरीच्या आधारे राज्य उभारले, त्याच किल्ल्यावर १६३० मध्ये, या राज्याच्या पडत्या काळात, शिवाजी महाराजांचा जन्म झाला. शहाजींचा पेमगिरीचा प्रयोग फसला, पण गनिमी कावा, किल्ल्यांचे जाळे व मोजणीवर आधारलेला महसूल यांचा उपयोग पुढील पिढीने स्वराज्यासाठी केला.